लुगड्याचा रंग कुठल्या लेयरवर?

कोपर रोडवरून डोंबिवली पश्चिमेत चालत गेलं की पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम आणि फ्लेक्स अशी सगळी कामं एकाच काउंटरवर घेणारी दुकानं लागतात. आगरी घरातली हळद असो, गणपतीचा बॅनर असो की उद्याच्या दहाव्याला लागणारा फोटो, गाडी शेवटी फोटोशॉपपाशी येते. आणि फोटोशॉपपाशी एक वाद कायमचा बसलेला असतो: लेयर, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर, ठेवायचे की ते फ्लॅटन करून, एकात मिसळून, फाइल हलकी करायची?

मला हा वाद किरकोळ वाटत नाही. आपल्या घरातली गेलेली माणसं पुढच्या पिढीला कशी दिसणार, हे आज मोठ्या प्रमाणात याच दुकानांतल्या संगणकांवर ठरतं आहे.

खालचे काका आणि पुतणी मी रचलेले आहेत. त्यांचे मुद्दे मात्र या धंद्यात कुठेही ऐकू येतील. काका अल्बम आणि फ्लेक्स बघतात, पुतणी जुने फोटो दुरुस्त करते. समोर एका आजीचा कृष्णधवल फोटो आहे, २६ जुलै २००५ च्या पुरात भिजून फ्रेमच्या काचेला चिकटलेला. त्या दिवशी कल्याण, डोंबिवली, बदलापूरच्या तळमजल्यांत पाणी शिरलं आणि कपाटांबरोबर अल्बमही बुडाले. असा चिकटलेला फोटो ओढून काढायचा नसतो. जिलेटिनचा थर काचेलाच राहतो आणि चेहरा कागदावरून निघून येतो. तो काचेसकट स्कॅनरवर ठेवावा लागतो.

काका: अगं, ही फाइल उघडेपर्यंत माझा चहा संपला. सहा बाय चारचा एक फोटो, त्याला एवढा वेळ? फ्लॅटन कर आणि प्रिंटला सोड. गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय.

पुतणी: काका, ही फाइल आपल्या पोऱ्यानं सुरू केली होती, मी आत्ता हातात घेतली. खाली डाव्या कोपऱ्यात बघा. दोन आकडे दिसतायत ना? डावीकडचा २४.७ एमबी, उजवीकडचा १७३.

काका: तेच तर म्हणतोय. लेयर केले म्हणून सातपट झाली.

पुतणी: लेयर केले म्हणून नाही. पॅनल बघा. बॅकग्राउंड, त्याच्यावर बॅकग्राउंड कॉपी, मग कॉपी २, कॉपी ३, असं थेट सहापर्यंत. डाग काढायला घेतला की आधी ‘डुप्लिकेट लेयर’, ही त्याची सवय. ६०० डीपीआयला सहा बाय चार म्हणजे ३६०० गुणिले २४००, शहाऐंशी लाख चाळीस हजार पिक्सेल. एकेका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. झाले २४.७ एमबी. तेच सात वेळा ठेवलंय. वजन लेयरचं नाही, नकलांचं आहे.

काका: आणि तू काय वेगळं करतेस?

पुतणी: मूळ स्कॅनच्या वर एक रिकामा लेयर घेते. हीलिंग ब्रशला वरच्या पट्टीत ‘करंट अँड बिलो’ सांगते. मग ब्रश खालच्या चित्रातून नमुना घेतो आणि रंगवतो मात्र वरच्या रिकाम्या लेयरवर. डाग होता तेवढेच पिक्सेल तिथे येतात, बाकी सगळं पारदर्शक. फोटोशॉपची पीएसडी फाइल सेव्ह होताना अशी एकसारखी जागा दाबून लिहिली जाते, तिचं ओझं जवळपास शून्य. उजेड-अंधाराला कर्व्ह्जचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर. त्यात चित्र नसतंच, नुसती सूचना असते. हीच फाइल माझ्या हातून चाळीस एमबीच्या आत राहील, आणि केलेलं एकूण एक काम परत मागे घेता येईल.

काका: बरं. पण ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ येतं तेव्हा काय? ते तर सपाट फाइललाही येतं.

पुतणी: कारण त्याचा तुमच्या सेव्ह केलेल्या फाइलशी संबंधच नाही. फोटोशॉप मुळात पन्नास पायऱ्या मागे जायची सोय राखून ठेवतो. मोठ्या बॅनरवर सगळ्या चित्राला फिल्टर मारलात की एकेक पायरी अख्ख्या चित्राएवढी होते आणि डिस्क भरते. प्रेफरन्सेसमध्ये हिस्टरी वीसवर आणा. ती फाइलमध्ये सेव्ह होत नाही, त्यामुळे फाइल काही हलकी होणार नाही. मशीन मात्र श्वास घेईल.

काका: आता माझा हिशोब ऐक. मंडळाचा बॅनर आला, वीस बाय दहा फूट. नवा मुलगा ७२ डीपीआयला पूर्ण मापाची फाइल उघडतो. १७,२८० गुणिले ८,६४० पिक्सेल, सीएमवायके म्हणजे चार बाइट. एक लेयरसुद्धा न चढवता ५७० एमबी झाले. त्यावर दोनचार फोटो, झालर, सावली टाकली की पीएसडीची २ जीबीची हद्द समोर उभी. मी काय करतो? फुटाला इंच. वीस बाय दहा इंचाची फाइल, ३०० डीपीआय, ६९ एमबीच्या आत. छापताना बारापट. प्रत्यक्ष फ्लेक्सवर इंचाला पंचवीसच पिक्सेल पडतात, पण तो फ्लेक्स माणूस रस्त्याच्या पलीकडून बघतो. कोण मोजतंय? अल्बमला मात्र मी असं करणार नाही. बारा बाय छत्तीसची शीट ३०० लाच हवी, १११ एमबी झाले तरी चालतील, कारण ती मांडीवर घेऊन बघतात. डोळा किती लांब आहे ते बघून पिक्सेल ठेवावेत. तुमची पिढी आधी सगळं मोठं करते आणि मग फाइल जड झाली म्हणून रडते.

पुतणी: हे शंभर टक्के पटलं. पीएसडीच्या पुढे पीएसबी आहे, २००३ पासून, एका बाजूला तीन लाख पिक्सेलपर्यंत जातं. पण फुटाला इंच धरला तर त्याची गरजच पडत नाही. मला एक सांगा, त्या बॅनरचे लेयर तुम्ही मोडता का?

काका: छे! मोडून कसं चालेल? रात्री अकराला फोन येतो. अमक्यांचा फोटो वर घ्या, तमक्यांचं पद बदललं, शुभेच्छुकांत एक नाव राहिलं. वरून पुढच्या वर्षी तोच बॅनर, फक्त साल बदलायचं.

पुतणी: म्हणजे आठ दिवसांत उतरणाऱ्या फ्लेक्सचे लेयर जपायचे आणि आजीच्या फोटोचे मोडायचे.

काका: बॅनर परत येतो गं. आजीचा फोटो परत येत नाही. फ्रेम झाली, भिंतीवर गेली, संपलं.

काकांच्या या उत्तरात या धंद्याचं सगळं अर्थकारण आहे, आणि ते चुकीचं म्हणता येत नाही. जे काम पुन्हा पैसे देणार आहे त्याची फाइल दुकान जपतं. दुकान चालवणाऱ्याला दुसरी मोजपट्टी परवडत नाही. पण आजीचा फोटो परत येत नाही, हे मात्र खरं नाही.

पुतणी: येतो, काका. त्या दुसऱ्या आजींचा फोटो आठवा, आपण रंगीत करून दिलेला. लुगडं हिरवं केलं होतं, आजी म्हटल्यावर हिरवंच असणार म्हणून. फ्रेम घरी गेली. त्यांच्या धाकट्या जाऊबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, हे लुगडं जांभळं होतं, काठ तांबडे होते, आम्ही दोघींनी एकाच दुकानातून घेतलं होतं. मुलगा फ्रेम घेऊन परत आला.

काका: आठवतंय. तुझी रात्र गेली त्यात.

पुतणी: रात्र गेली कारण फाइल फ्लॅटन केलेली होती. हिरवा लुगड्यात होता, तसाच तो चोळीच्या कडेला, बांगड्यांच्या फटीत, बोटांच्या मधेसुद्धा शिरला होता. जांभळा करायला गेले तर बांगड्याही जांभळ्या. शेवटी मूळ फोटो त्यांच्याकडून पुन्हा मागवला आणि पहिल्यापासून केलं. तेच काम लेयरमध्ये असतं तर? लुगड्यासाठी एक सॉलिड कलर लेयर, ब्लेंड मोड ‘कलर’, म्हणजे खालच्या चुण्यांचा उजेड-अंधार तसाच राहतो आणि फक्त रंग चढतो. कडा मास्कमध्ये. काठांचा लेयर वेगळा. जाऊबाई खुर्चीवर बसल्या असत्या, मी चौकोनावर डबल क्लिक करून रंग फिरवत नेला असता आणि त्या म्हणाल्या असत्या, हां, थांब, हाच. जगात हा रंग ठाऊक असलेलं तेवढं एकच माणूस उरलं होतं, काका.

काका: मान्य. पण अशी जाऊबाई शंभरात एखादी येते.

पुतणी: ती कुठल्या फोटोला येणार ते आधी कळत नाही ना.

काका: आमच्या वेळेला असलं काही नव्हतं, तरी कामं झाली. आमचे उस्ताद निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे. खालून उजेड, हातात टोकदार शिसपेन्सिल. सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्याखालचा काळेपणा, सगळं निगेटिव्हवर बारीक ठिपक्यांनी भरून काढायचं. कंट्रोल-झेड कुठे होतं?

पुतणी: पेन्सिल चालवायच्या आधी काय लावायचे?

काका: मीडियम. रिटचिंग मीडियम लावल्याशिवाय गुळगुळीत निगेटिव्हवर शिसं धरत नाही.

पुतणी: आणि चुकलं तर?

काका: टर्पेंटाइननं पुसून… अच्छा. तू तिकडे नेतेस होय.

पुतणी: निगेटिव्ह खाली शाबूत आणि काम वरच्या थरावर. तुमच्या उस्तादांकडे लेयर होता. फोटोशॉपकडेच तो उशिरा आला. पहिली आवृत्ती १९९० ची, लेयर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत.

इथे मला मध्य रेल्वेच्याच वाटेवरची एक जुनी जागा आठवते. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी भिंतीवर लागल्या. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी फोटोलिथोचं काम केलं. तसबिरीतला प्रत्येक रंग वेगळ्या दगडावर काढलेला असे. पिवळा एका दगडावर, गुलाबी दुसऱ्यावर, आणि कागद एकेका दगडावरून जात जात चित्र पुरं होई. दगड जपून ठेवला तर तीच तसबीर वर्षांनंतरही छापता येई, एखादा रंग बदलूनही. पण दगड जड, महाग आणि जागा खाणारे. म्हणून लिथोच्या छापखान्यांत जुनं चित्र वाळूनं घासून तोच दगड पुढच्या चित्राला घेण्याची रीत होती. कुठले दगड ठेवायचे आणि कुठले घासायचे हा निर्णय तेव्हाही कुणीतरी गोदामाकडे बघून घेत असणार. काकांची हार्ड डिस्क हे तेच गोदाम आहे, आणि काका काही वेगळं वागत नाहीत.

काका: आता माझं खरं दुखणं सांगतो. तुला वाटतं मी आळसानं फ्लॅटन करतो. ती जुनी श्रद्धांजलीची पीएसडी उघड बरं.

पुतणी: उघडली. नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत.

काका: श्री-लिपीत टाइप केलेलं नाव होतं. त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली. मशीन बदललं, फॉन्ट गेला, नाव गेलं. सीडॅकच्या आयएसएममधल्या फाइलींचं तेच. बरं, युनिकोडमध्ये टाइप करावं तर जुन्या फोटोशॉपला जोडाक्षर जुळवता येत नसे. वेलांटी भलत्या जागी, रफार तुटलेला. गेलेल्या माणसाचं नाव असं मोडून छापू? म्हणून मी अक्षरं रास्टराइज करून चित्रातच मिसळून टाकायला शिकलो. तुझा लेयर फॉन्टवर अवलंबून, प्लगइनवर अवलंबून, आणि २०१३ पासून तर फोटोशॉप नवं हवं तर भाड्यानंच घ्यायचं. माझी जेपीजी कुठल्याही फोनवर उघडते. वीस वर्षांनीही उघडेल. तुझ्या पीएसडीची तू खात्री देतेस?

पुतणी: नाही देत. इथे तुमची बाजू भक्कम आहे. आता युनिकोड नीट चालतं, पण आजचा फॉन्टही उद्या नसेल. म्हणून मी मजकुराचा लेयर ठेवते आणि त्याचीच एक प्रत शेपमध्ये बदलून शेजारी ठेवते. शेपला फॉन्ट लागत नाही. त्याचं वजनही नगण्य. आणि मूळ स्कॅन वेगळा, टिफमध्ये, कसलाही हात न लावता.

काका: टिफ! तो तर सपाटच असतो.

पुतणी: लेयरसकटही होतो, पण मी सपाट ठेवते. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस जुन्या फोटोंच्या मूळ स्कॅनसाठी टिफच पसंत करते.

काका: बघ! एवढ्या मोठ्या लायब्ररीलाही लेयर नकोत.

पुतणी: त्यांना दुरुस्तीच नको असते, काका. त्यांच्याकडे डाग डागासारखाच राहतो, फाटलेलं फाटलेलंच. गिऱ्हाइकाला देताना आपण डाग काढतो. चेहरा भरतो. तिथे प्रश्न बदलतो.

काका: काय बदलतो? माणूस चांगलं दिसावं म्हणूनच पैसे देतात.

पुतणी: या आजींचा डावा डोळा बघा. काचेला चिकटून गेलाय. उजवा उलटा करून बसवू शकते. नाहीतर जनरेटिव्ह फिलला सांगू शकते, २०२३ पासून ते आहेच. तो तीन डोळे करून देतो आणि निवडलेल्याबरोबर उरलेले दोनही फाइलमध्ये धरून ठेवतो. न लागणारे काढले नाहीत तर त्यानंही फाइल फुगते. पण वजनाचं सोडा. तो डोळा आजींचा नाही. आपण बसवलेला आहे.

काका: मग बसवायचा नाही? एका डोळ्याची आजी भिंतीवर लावायची?

पुतणी: बसवायचा. पण वेगळ्या लेयरवर, आणि लेयरला नाव द्यायचं: ‘डावा डोळा, भरलेला’. म्हणजे पुढे कुणी बघितलं तर त्याला कळेल की यातलं कॅमेऱ्यानं पाहिलेलं किती आणि आपण घातलेलं किती. आणि ते सगळ्यात गाजलेलं काम घ्या. आई-वडिलांचा एकत्र फोटो.

काका: ते काम मी किती केलं असेन त्याला गणती नाही. वडिलांचा पासपोर्ट फोटो, आईचा लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला. दोघांना शेजारी बसवायचं, उजेड एका बाजूनं आणायचा, मागे निळा पडदा. मुलं डोळे पुसत घेऊन जातात. तू याला खोटं म्हणणार असशील तर मला राग येईल.

पुतणी: खोटं नाही म्हणत. त्या दोघांनी आयुष्यात एकत्र फोटो काढला नाही, तो मुलांनी काढून घेतला. हे सुंदर आहे. पण नातवंडांना ते ठाऊक नसणार. त्यांना वाटेल, आजी-आजोबा एकदा स्टुडिओत गेले होते, ती अशी बसली, ते असे हसले. वडिलांचा फोटो पन्नाशीतला, आईचा विशीतला. नातू विचारेल, आजी आजोबांपेक्षा एवढी लहान कशी? उत्तर द्यायला घरात कुणी नसेल. फाइल सपाट असेल तर फाइलही देणार नाही.

या ठिकाणी मी पूर्णपणे पुतणीच्या बाजूचा आहे. बॅनरचे लेयर सोयीसाठी असतात, उद्या नाव बदलायचं म्हणून. माणसाच्या फोटोचे लेयर पुराव्यासाठी असतात. ज्या घरात आजीचा एकच फोटो उरला आहे, तिथे आपल्या ब्रशनं काय केलं हे सांगता येणं ही दुरुस्ती करणाऱ्याची जबाबदारी आहे. ती पार पाडायला शेकडो एमबी लागत नाहीत. एक अस्पर्श स्कॅन आणि नावं दिलेले पाच-सहा हलके लेयर पुरतात.

काका: नावं देणं वगैरे ठीक. पण मला एक कोडं सोडवून दे. परवा पासपोर्ट फोटोची जेपीजी केली. सपाट, एवढीशी. आकार वीस एमबी! लेयर नाही, काही नाही. मेलवर जाईना.

पुतणी: कुठल्या फाइलमध्ये बनवली?

काका: ती आपली पट्टी आहे ना, आठ फोटोंची. किती वर्षं तीच वापरतोय. मुळात एका अल्बमवाल्याकडून आलेली.

पुतणी: तिथेच आहे. फाइलच्या मेटाडेटात ‘डॉक्युमेंट अँसेस्टर्स’ नावाची यादी असते. ज्या ज्या फाइलमधून काही उचलून इथे चिकटवलं, तिची खूण त्या यादीत जाते. टेम्प्लेट दुकानादुकानांतून फिरत आलं, वर्षानुवर्षं त्यात फोटो चिकटले, यादी लाखाच्या घरात गेली. फ्लॅटन करून ती जात नाही. त्यातून काढलेल्या जेपीजीलाही चिकटते.

काका: म्हणजे फ्लॅटन करूनही वजन उरतं.

पुतणी: हो. ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये मेटाडेटा ‘नन’ ठेवून जेपीजी काढली की ती हलकी होईल. टेम्प्लेटची यादी पुसायला छोटी स्क्रिप्ट चालवावी लागते. मी आज चालवते. आणि ती फोटोंची जेपीजी उघडून, दुरुस्त करून, पुन्हा जेपीजीत सेव्ह करणं तेवढं बंद करा. दर वेळी आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत थोडं थोडं हरवतं. गालांवर पहिल्यांदा दिसतं.

काका: बंद केलं. अल्बमच्या शीटचं बोल. त्या तर आपण दोघंही लेयरसकट ठेवतो आणि डिस्क त्याच खातात.

पुतणी: लग्न होऊन अल्बम घरी गेला, पैसे पूर्ण आले, की तिथे मी तुमच्यासारखी वागेन. शीटमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून टाकलेला प्रत्येक फोटो मूळ फाइलसकट आत बसलेला असतो, आणि ते फोटो फोल्डरमध्ये वेगळे आहेतच. चौकटीबाहेर लपलेले पिक्सेलही तसेच राहतात. सिलेक्ट ऑल करून क्रॉप केलं की जातात. शीटची चांगली जेपीजी आणि मूळ फोटो ठेवायचे, पीएसडी काढून टाकायच्या. एवढी जागा मोकळी होईल की आजींच्या फाइलींना कायमची खोली मिळेल.

काका: अल्बमच्या पीएसडी उडवायच्या आणि आजीच्या ठेवायच्या. आमच्या धंद्यात हे उलटं चालत आलंय.

पुतणी: उलटंच करू या. आणि गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर तीन गोष्टी द्यायच्या: हात न लावलेला स्कॅन, लेयरची पीएसडी आणि छापायची जेपीजी.

काका: स्कॅन देईन, जेपीजी देईन. पीएसडी नाही. शेजारचा दुकानदार उघडेल, माझं काम बघेल, दोन क्लिकमध्ये लुगड्याचा रंग बदलून निम्म्या पैशात देईल. हातातली कला आहे ती. आणि खरं सांगू? पेनड्राइव्ह कुणी उघडत नाही. तो चाव्यांच्या डब्यात जातो. तुला ते ‘भरलेलं, न भरलेलं’ सांगायचंच असेल तर मी सांगतो कसं. स्कॅन आहे तसा काढ, डागांसकट, छोट्या प्रिंटवर. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटव. पुढे कधी काच बदलायला फ्रेम उघडली की समोर येईल. त्याखाली पेननं लिही: डावा डोळा आणि हनुवटी आम्ही भरली. तारीख टाक.

पुतणी: हे मला सुचलं नव्हतं. आजपासून करते. पण पीएसडीचं मी सोडलेलं नाही.

काका: मीही नाही.

पुठ्ठ्यावरच्या प्रिंटची काकांची युक्ती मला या सगळ्या वादातली सर्वात टिकाऊ वाटते. त्याला वीज लागत नाही आणि सॉफ्टवेअरही लागत नाही. पीएसडीबद्दल मात्र काकांनी पुन्हा विचार करावा. या रस्त्यावरची दुकानं भाडं वाढलं की जागा बदलतात, मालक थकला की शटर खाली येतं, आणि तेव्हा हार्ड डिस्क भंगारात जाते. लेयरची फाइल घरच्यांकडे नसेल तर ती कुठेच नसते. शेजारच्या दुकानाची भीती खरी आहे, तर त्या फाइलचे वेगळे पैसे लावावेत, जोडणीच्या आणि रंगाच्या कामाइतके, आणि दरफलकावर ते लिहावेत: मूळ स्कॅन, छापील फोटो, लेयरची फाइल, तिन्हींचा दर वेगळा. लुगड्याचा रंग सांगणारी जाऊबाई ज्या घरात अजून आहे, ते घर तिसरा दर देईल.